कॅलेंडरची 10 दिवसांची चूक दाखवणारा उन्हाचा कवडसा

अंगणातलं सूर्यघड्याळ किती वाजले ते सांगेल, पण कॅलेंडर 10 दिवस चुकलंय हे त्याच्या तासांच्या रेषांवरून कधीच कळणार नाही. त्यासाठी भर दुपारची सावली किती लांब पडते ते बघावं लागतं, थंडीत ती लांब पडते आणि उन्हाळ्यात आखूड.

आणि चूक तर होतीच. युरोपात तेव्हा चालणाऱ्या ज्युलियन कॅलेंडरचं वर्ष 365 दिवस 6 तासांचं, खरं सौरवर्ष त्याहून साधारण 11 मिनिटांनी लहान, तेवढ्याने काय होतंय असं वाटेल पण 128 वर्षांत अख्खा एक दिवस जमा होतो. ईस्टर या ख्रिस्ती सणाच्या तारखेचं सगळं गणित वसंत संपातावर, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसावर. चर्चने तो 21 मार्चला फिक्स धरलेला, आणि सोळाव्या शतकात तो 11 मार्चलाच येऊन जायचा!

यातला मला सगळ्यात आवडणारा माणूस म्हणजे इग्नात्सिओ दांती, डोमिनिकन साधू आणि गणिती. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला चर्चच्या दर्शनी भिंतीवर त्याने बसवलेली खगोल-यंत्रं आजही आहेत. नंतर व्हॅटिकनच्या वाऱ्यांच्या मनोऱ्यात त्याने फरशीत उत्तर-दक्षिण रेषा आखली आणि समोरच्या भिंतीत साधारण 5 मीटर उंचीवर एक भोक ठेवलं, तेही कुठे तर भिंतीवरच्या चित्रातला दक्षिण वारा जिथून फुंकतो त्या तोंडात. रोज भर दुपारी सूर्य सगळ्यात उंच आला की कवडसा त्या रेषेवर पडणार. रोमचा अक्षांश घेऊन हिशोब केला तर मार्चमध्ये हा कवडसा रोज 6-7 सेंटीमीटर सरकतो, म्हणजे 10 दिवसांची चूक फरशीवर अर्ध्या मीटरहून जास्त, कुणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसेल अशी. (जून आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात तो जेमतेम हलतो, म्हणून नेमका दिवस पकडायला संपातच सोयीचा.) पोप तेरावा ग्रेगरी याला हे तिथेच दाखवलं असं सांगतात.

चूक विद्वानांना आधीपासून माहीत होती, सुधारणेची योजना अलॉयसियस लिलियस या इटालियन वैद्याची आणि ती तडीस नेली क्लाव्हियस या गणितज्ञाने, ज्याने 1581 मध्ये सूर्यघड्याळांवरच एक जाडजूड ग्रंथ छापला होता. पण माझ्या मते आकडेमोड पटवून देणं आणि समोर फरशीवर बोट ठेवून दाखवणं यात खूप फरक आहे.

मग पोप ग्रेगरीच्या हुकमाने 1582 मध्ये गुरुवार 4 ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार 15 ऑक्टोबर आला, आणि पुढे शतकाची वर्षं 400 ने भाग गेला तरच लीप इयर असं ठरलं, म्हणून 1900 नव्हतं, 2000 होतं.

नवीन कॅलेंडर बरोबर चाललंय का हे तपासायलाही परत कवडसेच कामी आले. 1702 मध्ये बियांकिनी या खगोलशास्त्रज्ञाने रोमच्या सांता मारिया देल्यी आंजेली चर्चमध्ये तेव्हाच्या पोपसाठी अशीच रेषा आखली. त्याआधी 1655 मध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने बोलोन्याच्या सान पेत्रोनिओ चर्चमध्ये खांबांच्या मधून वाट काढत रेषा आखली होती, भोक तब्बल 27 मीटरवर, आणि तिथे कवडशाचा आकार वर्षभर मोजून त्याने दाखवलं की सूर्याचा वेग कमी-जास्त होतो तो नुसता अंतरामुळे तसा भासत नाही, काही अंशी खरंच बदलतो, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ केप्लर सांगत होता तसाच.