दम आधी येतो, पाय मागून

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर फेब्रुवारीत इंडियन डर्बी ही घोड्यांची शर्यत होते. अंतर 2400 मीटर, वेळ साधारण अडीच मिनिटं. तेवढ्या वेळासाठी घोड्याची तयारी तो दीड वर्षाचा असल्यापासून चाललेली असते. थरोब्रेडला, म्हणजे शर्यतीसाठीच जोपासलेल्या जातीच्या घोड्याला, पळायला शिकवावं लागत नाही, ते त्याच्या रक्तातच असतं. ट्रेनरची खरी परीक्षा असते ती त्याला कधी रोखायचं हे ओळखण्यात.

याचं कारण शरीरात आहे. घोड्याचे सगळे अवयव एका वेगानं तयार होत नाहीत. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांतच सरावाला प्रतिसाद देतात. हाडाला महिने लागतात. पायामागची कंडरा, म्हणजे टेंडन, तर दोन वर्षांच्या वयानंतर सरावानं फारशी मजबूत होतच नाही. त्यामुळे असा एक काळ येतो की घोड्याचा दम आणि उत्साह भरपूर असतो, पण पाय अजून त्या वेगाला तयार नसतात. रेसच्या घोड्यांच्या पुष्कळशा दुखापतींचं मूळ या काळात सापडतं.

वयाचा हिशेबही समजून घ्यायला हवा. भारतात प्रत्येक थरोब्रेडचा अधिकृत वाढदिवस 1 जानेवारी. जानेवारीत जन्मलेलं शिंगरू आणि मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू कागदावर एकाच वयाची. म्हणून शिंगरू वर्षाच्या सुरुवातीलाच व्हावं अशी स्टड फार्मची, म्हणजे घोड्यांची पैदास करणाऱ्यांची, धडपड असते. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि या जातीत कृत्रिम रेतन चालत नाही, त्यामुळे तारखा जुळवणं हे मोठं कौशल्याचं काम. डिसेंबरात 1600 मीटरची गिनीज शर्यत तीन वर्षांचा म्हणून पळणारा घोडा दोन महिन्यांनी डर्बीत चार वर्षांचा म्हणून उतरतो. ही डर्बी 1943 साली सुरू झाली आणि पहिलीच जिंकली ती प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीनं.

आता इंजिनाकडे वळू. साडेचारशे-पाचशे किलोच्या घोड्याचं हृदय चार किलोंच्या वर भरतं. पागेत शांत उभा असताना त्याचे ठोके मिनिटाला तीस-पस्तीस पडतात, शर्यतीत ते 220च्या पुढे जातात. पण घोड्याची खरी करामत आहे त्याच्या प्लीहेत. तांबड्या पेशींचा मोठा साठा तिथे राखून ठेवलेला असतो. घोडा पळू लागला की प्लीहा आकुंचन पावते आणि तो साठा रक्तात सोडते. विश्रांतीच्या वेळी रक्तात पेशींचं प्रमाण 35 ते 40 टक्के असतं, ते भरधाव पळताना 60च्या वर चढतं. माणसाचं रक्त एवढं दाट झालं तर डॉक्टर घाबरतील. घोड्याला मात्र त्यातूनच जादा ऑक्सिजन मिळतो.

श्वासाचं गणित वेगळंच आहे. घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकानं घेतो. आणि चौखूर धावताना प्रत्येक टापेच्या फेरीला एकच श्वास: सेकंदाला दोनहून थोडे जास्त. म्हणून घशात जरा अडथळा आला तरी वेळ घसरते. स्वरयंत्राची डाव्या बाजूची नस निकामी होणं हा उंच घोड्यांत नेहमी आढळणारा दोष. असा घोडा पळताना घरघरतो आणि शेवटच्या चारशे मीटरमध्ये हवेअभावी ढेपाळतो. दुसरा त्रास फुप्फुसांतून रक्त येण्याचा. जोरात पळताना फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांवरचा दाब इतका वाढतो की त्या फुटतात. नाकातून रक्त फार थोड्या घोड्यांना येतं. पण शर्यतीनंतर तासाभरात एंडोस्कोप घालून पाहिलं तर श्वासनलिकेत रक्ताचा माग अनेकांच्या बाबतीत दिसतो.

पाय हा या सगळ्याहून नाजूक विषय. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर, म्हणजे मधल्या बोटावर उभा असतो, आणि गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. तिथे आहेत हाड, कंडरा, अस्थिबंध आणि त्यांवर कातडं. भरधाव वेगात एका पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, म्हणजे टनाहून जास्त, तोही सेकंदाच्या दहाव्या भागापुरता.

हा भार पेलणारं मुख्य हाड म्हणजे नळी. हाड जिवंत असतं आणि ज्या दिशेनं ताण येतो त्या दिशेनं जाड होतं. पण ते ताणाची तीव्रता ओळखतं, मैलांची बेरीज ओळखत नाही. इथेच मोठी गफलत होते. दोन वर्षांच्या घोड्याला महिनोन्महिने लांब पल्ल्याच्या हळू कॅंटरवर, म्हणजे संथ दौडीवर, ठेवलं की त्याचा दम वाढतो. नळीला मात्र वेगवान धावेतला ताण कधी मिळालेलाच नसतो, कारण हळू चालीत हाड वेगळ्या दिशेनं वाकतं. मग एक दिवस जोरात काम दिलं की नळीचा पुढचा भाग सुजतो, गरम होतो, बोट दाबलं की घोडा पाय झटकतो. यालाच शिन दुखणं म्हणतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले डेव्हिड नुनामेकर यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. त्यांच्या कामाचा व्यवहारातला अर्थ असा: हळू काम कमी ठेवा, आणि सुरुवातीपासूनच आठवड्यातून एक-दोनदा अगदी छोट्या अंतराचं वेगवान काम द्या, मग ते अंतर हळूहळू वाढवा. गुडघ्यावरच्या हाडाची वाढीची रेषा साधारण दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास मिटते, म्हणून काळजी घेणारे ट्रेनर आधी एक्स-रे काढून मगच काम वाढवतात.

कंडरेचं दुखणं याहून वाईट. पायामागची वरची कंडरा धावताना 10 टक्क्यांहून जास्त, कधी 16 टक्क्यांपर्यंत ताणली जाते, तुटण्याच्या मर्यादेच्या अगदी जवळ. शिवाय प्रत्येक ताण-सैलीत थोडी ऊर्जा उष्णता होऊन आतच राहते आणि कंडरेच्या गाभ्याचं तापमान 45 अंशांपर्यंत जातं. तंतू असे आतून झिजत जातात, वरून काही दिसत नाही. म्हणून सकाळी कामाला नेण्याआधी पाय हातानं तपासायचा. पाय उचलून गुडघ्यात दुमडायचा, अंगठा आणि तर्जनी यांमध्ये कंडरा धरून गुडघ्याखालून खुरावरच्या फेटलॉक सांध्यापर्यंत सावकाश उतरायचं. लगेच दुसऱ्या पायावर तेच. एकीकडे जरा ऊब जास्त, कडा जरा बोथट, किंवा घोडा एकाच ठिकाणी कान मागे टाकतो, एवढं कळलं तरी त्या दिवशीचं काम बंद करून सोनोग्राफी करायची. घोडा लंगडायला लागेपर्यंत थांबलं तर टेंडन गेला म्हणून समजा. बरं व्हायला नऊ महिने ते वर्ष लागतं, आणि भरून येतो तो व्रणाचा कडक धागा, मूळची लवचीकता परत येत नाही. पुन्हा त्याच जागी इजा होण्याचं प्रमाण मोठं आहे.

नालबंदाचा हातही याच्याशी जोडलेला आहे. खूर महिन्याला साधारण आठ-दहा मिलिमीटर वाढतो. नाल बदलायला उशीर झाला की पुढचं टोक लांबतं, टाच बसते आणि पायामागच्या रचनांवर ताण वाढतो. रोजच्या कामाला लोखंडी नाल आणि शर्यतीला हलके ॲल्युमिनियमचे, असा फरक असतो.

मुंबईचा वेगळा शत्रू म्हणजे दमट हवा. रेसिंगचा मुंबईतला मोसम नोव्हेंबर ते एप्रिल, पावसाळ्यात शर्यती पुण्याला. तरी मार्चनंतर इथली सकाळही घामाची. घोडा जोरदार कामात तासाला दहा-पंधरा लिटर घाम गाळतो आणि त्या घामात रक्तापेक्षा जास्त मीठ असतं. लगामाखाली मानेवर जो पांढरा फेस दिसतो तो घामातल्या लॅथेरिन या प्रथिनाचा. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही. काही घोड्यांचं घाम येणंच हळूहळू बंद पडतं. कातडं कोरडं, श्वास भरभर, ताप चढलेला. अशा घोड्याला पळवणं म्हणजे जिवाशी खेळ. त्याला थंड हवेच्या ठिकाणी हलवणं हाच भरवशाचा उपाय. आणि तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं तर स्नायू आखडतात, हा समज सोडून द्यावा. 1996च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या आधी झालेल्या अभ्यासांत सढळ हातानं ओतलेलं थंड पाणीच सर्वांत उपयोगी ठरलं.

कोणता घोडा किती पल्ल्याचा, हे थोडं जनुकावरही ठरतं. 2010 साली डब्लिनमध्ये एमेलिन हिल यांच्या गटानं मायोस्टॅटिन या जनुकाचे तीन प्रकार दाखवले: एक छोट्या पल्ल्याला अनुकूल, दुसरा मधल्या, तिसरा लांब. अर्थात पल्ला कळला म्हणून घोडा जिंकतो असं नाही.

वेगाचा कळस साडेचार वर्षांच्या आसपास येतो, मग हळूहळू उतार. शर्यतीत वापरलेला स्नायूंमधला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, भरून यायला दोन-तीन दिवस लागतात, पण हाडाची सूक्ष्म इजा भरायला कितीतरी जास्त. म्हणून दोन शर्यतींमध्ये काही आठवड्यांचं अंतर. पण लांबलेली सुटीही धोक्याची. पागेत बांधून ठेवलेल्या घोड्याचं हाड हळूहळू विरळ होतं आणि परतल्यावर दम मात्र लवकर येतो. सुटीवरून कामावर परतल्यावर खांद्याखालचं हाड मोडण्याचा धोका वाढतो, हे कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात दिसलं आहे. त्यामुळे परतलेल्या घोड्याला नवख्यासारखंच पायरी-पायरीनं चढवायचं, मग तो गेल्या मोसमात कितीही जिंकलेला असो.