ध्वनिमंचाची खोली : घरगुती ट्यूब संचातील जुळणी

स्टिरिओ संचावर ऐकताना काही आवाज स्पीकरच्या रेषेत, तर काही तिच्या बरेच मागे असल्यासारखे वाटतात. या भासाला ध्वनिमंचाची खोली म्हणतात. शौकीन मंडळी ‘साउंडस्टेज डेप्थ’ म्हणतात. अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापुरात, १८८३ पासूनच्या गायन समाज देवल क्लबाच्या गावात, बैठका ऐकलेल्या कानाला ती वेगळी समजवावी लागत नाही. तंबोरे गायकाच्या पाठीशी असतात. संचावर तेच तंबोरे गळ्याला चिकटून ऐकू आले, की खोली गेली.

अंतराचा अंदाज कान मुख्यतः थेट आवाज आणि घुमारा यांच्या प्रमाणावरून बांधतो. शिवाय लांबच्या आवाजातले तार स्वर थोडे बोथट झालेले असतात. या खुणा ध्वनिमुद्रणातच असाव्या लागतात. माइक तोंडाशी धरून केलेल्या मुद्रणात त्या नसतील, तर कोणताही अँप्लिफायर त्या आणून देऊ शकत नाही. असलेल्या खुणा पुसू न देणे एवढेच जुळणीचे काम.

त्या सर्वांत जास्त पुसते ती भिंत. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. स्पीकर मागच्या भिंतीपासून फूटभरावर असेल, तर परतलेला आवाज दोन मिलिसेकंदांच्या आत मूळ आवाजात मिसळतो. तीन-चार फूट पुढे ओढल्यास ही फट पाच ते सात मिलिसेकंदांची होते आणि गायक मोकळा होऊन मागे सरकतो. मंगळवार पेठेतल्या जाड भिंतींच्या, लाकडी तक्तपोशीच्या जुन्या घरात हे सहज साधते. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत फरशी, काच आणि समोरासमोरच्या उघड्या भिंती. तिथे एक टाळी वाजवून पाहावी. मागोमाग खणखण आली, तर आधी जमखाना अंथरावा, बाजूच्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट लावावे. ट्यूबा (अँप्लिफायरमधल्या, आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) बदलण्याची घाई नको. बहुतेक जण नेमके उलटे करतात, कारण ट्यूब बदलणे हौसेचे आहे आणि सोफा हलवायचा तर घरच्यांना विचारावे लागते.

ट्यूबांचा वाटा लहान, पण खरा आहे. ट्यूब अँपचा आउटपुट इम्पीडन्स (बाहेर पडणाऱ्या विजेला होणारा आतला अडथळा) ट्रान्झिस्टर अँपपेक्षा बहुधा जास्त असतो. स्पीकरचा इम्पीडन्स तर प्रत्येक स्वराला बदलतो. त्यामुळे काही स्वरपट्टे थोडे उचलले जातात, काही दबतात. साधारण २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा उचलला गेला की गायक अंगावर येतो, दबला की मागे जातो. म्हणून अँपवरचे ४ आणि ८ ओहमचे दोन्ही टॅप (स्पीकरची तार जोडण्याच्या जागा) लावून ऐकावेत; स्पीकरवर छापलेला आकडा नेहमीच शेवटचा शब्द नसतो. फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा अंश परत आत पाठवून चूक सुधारणे) कमी करायची सोय असेल, तर तिचाही परिणाम बराचसा याच वाटेने होतो. ट्यूबा आणि स्पीकर यांना जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र पंपाची मोटर भरतात तसा भरून चालत नाही. प्रायमरी आणि सेकंडरी या त्याच्या दोन तारगुंडाळ्यांचे थर एकाआड एक गुंफले नाहीत, तर वरचे स्वर गळतात.

घुमाऱ्याची शेपटी फार बारीक असते. वीजपुरवठा सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर थकून १०० हर्ट्झची घरघर सुरू झाली, की आधी तीच बुडते. पेन्सिलीने हलके टिचकताच स्पीकरमध्ये ‘टिंग’ वाजवणारी १२एएक्स७ ही छोटी ट्यूबही बदललेली बरी.

डावी-उजवी बाजू जुळली आहे का, हे मोनो मुद्रणावर (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो अशा) उत्तम कळते. केसरबाई केरकरांचे जुने गाणे लावावे : आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, अरुंद उभा राहिला पाहिजे. तो एका बाजूला झुकला, तर संच बंद करून, थंड झाल्यावर दोन चॅनलच्या ट्यूबा आपसांत बदलाव्यात. झुकाव दुसरीकडे गेला तर दोष ट्यूबेत. तसाच राहिला तर व्हॉल्यूम कंट्रोल, स्पीकर किंवा त्या बाजूची भिंत तपासावी.

पावसाळ्यात दमटपणामुळे सॉकेटचे संपर्क काळवंडतात आणि एक बाजू कुरकुरू लागते. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसल्या की भागते. वीज खाली-वर होत असल्यास स्टॅबिलायझर लावून, अर्धा तास संच तापू देऊन मगच बायस (गाणे नसतानाही ट्यूबेतून वाहणारा प्रवाह) मोजावा. आत ३०० ते ४५० व्होल्ट असतात आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ टिकतात. बाहेरून बायस मोजण्याची सोय नसेल, तर हे काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे.