सेवा मिळाली की जीव वाचला?

देशोदेशीच्या आरोग्यसेवेची तुलना करताना दोन आकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पहिला जागतिक आरोग्य संघटनेचा सेवा-व्याप्ती निर्देशांक, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतला ३.८.१ क्रमांकाचा; गरजेच्या सेवा लोकांपर्यंत कितपत पोहोचतात, हे तो सांगतो. दुसरा २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९५ देश व प्रदेशांसाठी प्रसिद्ध झालेला आरोग्यसेवा उपलब्धता व गुणवत्ता निर्देशांक. दोन्ही ० ते १०० याच पट्टीवर असल्यामुळे घोटाळा होतो.

समजा, एक गरोदर बाई चार वेळा तपासणीला गेली. चारही वेळा नाव नोंदलं गेलं, रक्तदाब मात्र कुणी मोजलाच नाही. पुढे बाळंतपणात झटके येऊन ती दगावली. पहिल्या निर्देशांकात तिच्या भेटी जमेच्या बाजूला पडतात, कारण ‘किमान चार तपासण्या झाल्या का’ हा त्याच्या १४ निदर्शकांपैकी एक आहे. दुसऱ्यात तिचा मृत्यू मोजला जातो. वेळेवर चांगले उपचार मिळाले तर माणूस सहसा दगावू नये, अशी ३२ कारणं त्यात धरली आहेत. बाळंतपण, क्षय, धनुर्वात, अगदी अपेंडिक्स आणि हर्नियासुद्धा. गुणवत्ता जाणून घ्यायची असेल तर मी हाच आधी बघतो. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत उपचारांनी टाळता आले असते असे वर्षाला ८६ लाख मृत्यू होतात, असा अंदाज २०१८ मध्ये लॅन्सेटच्याच आयोगाने मांडला. त्यांतले ५० लाख लोक दवाखान्यापर्यंत पोहोचले होते, तिथे उपचार धड झाले नाहीत.

तंबाखूचा हिशोबही वेगळा. पहिल्यात तंबाखू न वापरणाऱ्यांचं प्रमाण गुणांत धरतात. दुसऱ्यात तंबाखू किंवा प्रदूषणामुळे वाढलेले मृत्यू आरोग्यसेवेच्या माथी येऊ नयेत म्हणून त्यांचा प्रभाव आधीच काढून टाकतात.

एका बाबतीत मात्र पहिला मला मनापासून आवडतो. तो भूमितीय मध्य काढतो, म्हणजे गुणांची बेरीज न करता गुणाकार करून त्याचं मूळ घेतो. निदर्शकांच्या चार गटांत ९०, ९०, ९० आणि १० गुण असतील तर साधी सरासरी ७० येते, भूमितीय मध्य ५२. दुबळा गट इतरांच्या आड लपत नाही.

दुसऱ्याची खरी अडचण मृत्यूच्या नोंदींची आहे. जिथे मृत्यूचं कारण नीट नोंदलंच जात नाही, तिथे त्या बाईचा मृत्यूही संख्याशास्त्रीय प्रारूपातून आलेल्या अंदाजाचा भाग होतो. म्हणून गुणांसोबत अनिश्चिततेच्या मर्यादा, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ते, दिलेल्या असतात. दोन देशांच्या मर्यादा एकमेकींत बऱ्याच मिसळत असतील, तर क्रमवारीत कोण चार जागा पुढे आहे यावरून वाद घालू नये.