करवतीखाली गेलेला कन्सोल

टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल उघडायचा, त्याचा मदरबोर्ड व्हाइसमध्ये पकडायचा आणि करवतीने निम्म्याहून जास्त बोर्ड कापून टाकायचा. उरलेल्या तुकड्याला बॅटरी आणि स्क्रीन जोडली की कन्सोल हातात घेऊन खेळता येतो. या कापाकापीला ‘ट्रिमिंग’ म्हणतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा निव्वळ नासधूस करण्याचा प्रकार वाटतो.

टीव्हीवरचा कन्सोल हातात आणायची हौस आधी कंपन्यांनाच होती. एनईसीने १९९० मध्ये टर्बोएक्सप्रेस आणला, सेगाने १९९५ मध्ये नोमॅड. दोन्हींवर घरच्या कन्सोलचेच गेम चालत, पण नोमॅडचे सहा पेन्सिल सेल दोन-तीन तासांत संपत. कंपन्यांनी तो नाद तिथेच सोडला आणि हौशी लोकांनी उचलला.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव अमेरिकेच्या बेन हेकेनडॉर्नचं. २००० च्या सुमारास त्याने अटारी २६०० हातात मावेल असा केला. १९७७ सालचा हा कन्सोल कापाकापीला अगदी सोशिक: मोजून तीन मुख्य चिप, १२८ बाइट मेमरी आणि जेमतेम १.१९ मेगाहर्ट्झचा वेग. इतक्या संथ यंत्रात एखादा ट्रेस, म्हणजे बोर्डावरची तांब्याची बारीक रेघ, तुटला तरी त्या जागी साधी तार जोडून भागतं. थोड्याच दिवसांत सोनीने पीएसवन या आपल्या छोट्या प्लेस्टेशनसाठी पाच इंची स्क्रीन वेगळी विकायला काढली. ती सोलून आतलं पॅनेल वापरायचं, हा मग अनेक वर्षांचा शिरस्ता झाला.

निन्टेंडो ६४ पासून मात्र तार लावून भागेना. १९९६ च्या या यंत्रात प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातला रॅमबस नावाचा जोडमार्ग ५०० मेगाहर्ट्झने धावतो. असे ट्रेस लांबी मोजून आखलेले असतात. तिथे तार टाकली की सिग्नल बिघडलाच. म्हणून कापायच्या त्या फक्त कडा: कंट्रोलरचे सॉकेट, व्हिडिओचं सॉकेट, रिकामी जागा. कार्ट्रिजचा, म्हणजे गेमची डबी खोचायचा, स्लॉट त्या मानाने संथ. तो उपटून बोर्डाच्या मागे आडवा बसवत आणि त्याच्या पन्नास पिनांना एकेक तार डकवत. ट्रिमिंग म्हटलं की लोकांना करवत आठवते, पण खरा वेळ जात असे तो या तारांमध्ये.

खरं वळण आलं ते निन्टेंडो वीमुळे. २००६ चा हा कन्सोल निन्टेंडोच्याच २००१ च्या गेमक्यूब कन्सोलचेही गेम चालवत असे. प्रोसेसर ७२९ मेगाहर्ट्झचा, पण ९० नॅनोमीटरच्या बारीक घडणीचा, त्यामुळे अख्खं यंत्र चालताना १८ वॅटच्या आसपासच वीज खाई. आणि २००८ मध्ये त्यावर होमब्रू, म्हणजे कंपनीच्या परवानगीविना हौशी लोकांनी लिहिलेलं, सॉफ्टवेअर चालू लागलं. गेम यूएसबीवरून सुरू होऊ लागल्यावर डिस्क ड्राइव्हची गरजच उरली नाही. माझ्या मते या छंदाचा इतिहास हत्यारांपेक्षा या सॉफ्टवेअरने जास्त बदलला. ड्राइव्ह जाईपर्यंत बोर्ड कितीही बारीक केला तरी डबा मोठाच राहत होता.

मग प्रश्न आला, बोर्डावर खरोखर लागतं काय? सीपीयू, जीपीयू, ६४ एमबी मेमरी आणि सिस्टीम जिच्यात साठवलेली असते ती ५१२ एमबीची फ्लॅश चिप. बाकी बरीचशी जागा सॉकेटांनी आणि वीजपुरवठ्याने अडवलेली. वीला १, १.१५, १.८ आणि ३.३ अशी चार व्होल्टेज लागतात. ही व्होल्टेज बनवणारे मूळ रेग्युलेटर कापून टाकले आणि स्वतःचे छोटे रेग्युलेटर जोडले की जागा तर वाचतेच, शिवाय व्होल्टेज किंचित उतरवता येतं. त्याने उष्णता घटते आणि बॅटरी जास्त टिकते.

कुठून कापायचं हे मात्र वरून बघून कळत नाही, कारण ट्रेस आतल्या थरांतूनही गेलेले असतात. त्यासाठी मेलेले बोर्ड पॉलिश पेपरने थर थर घासून प्रत्येक थराचं चित्र घेतलं गेलं आणि त्यावरून नकाशे तयार झाले. कापल्यावर कडेला तांब्याचे थर उघडे पडतात. तिथे बारीक कीस जरी राहिला तरी वीज आणि ग्राउंड एकमेकांना भिडतात, म्हणून कड गुळगुळीत घासून, मल्टीमीटर लावून, मगच बॅटरी जोडायची. घाई करणाऱ्यांचे बोर्ड इथेच जातात.

नकाशे हाती आले तशी कापायची रेषा आत आत सरकत गेली. शेवटी फ्लॅश चिपही मूळ जागेवरून उठली. ती संथ असल्याने तारांवर चालते. ती बोर्डाशी कुलूपबंद असते, दुसऱ्या वीची चिप लावून चालत नाही. सगळ्यात टोकाच्या कापाला ‘ओमेगा ट्रिम’ असं नाव पडलं. पत्त्यांच्या कॅटाएवढा वी करून दाखवणारेही निघाले. आता वीजपुरवठ्याचे तयार छोटे बोर्ड मिळू लागल्याने तारांचं जंजाळ कमी झालंय.

जुन्या कन्सोलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे एमुलेटर, असताना एवढा खटाटोप कशाला, हे विचारणारे आहेतच. शिवाय प्रत्येक पोर्टेबलमागे एक अख्खा कन्सोल खर्ची पडतो, हा आक्षेपही खोटा नाही. म्हणून जाणते लोक चांगला वी कापत नाहीत. ड्राइव्ह बिघडून डिस्क न वाचणारा शोधतात.