लुईझियानाचा गर्भपात-गोळ्यांविषयीचा कायदा

मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या गर्भपाताच्या औषधांना नियंत्रित पदार्थांच्या (सवय लागू शकते म्हणून कायद्याने बंधने घातलेल्या औषधांच्या) चौथ्या अनुसूचीत, म्हणजे डायझेपाम, अल्प्राझोलाम या चिंता कमी करणाऱ्या औषधांच्या पंगतीत बसवणारा अमेरिकेतील लुईझियाना राज्याचा कायदा. असे करणारे हे तिथले पहिलेच राज्य. गव्हर्नर जेफ लँड्री यांनी मे २०२४ मध्ये त्यावर सही केली आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तो लागू झाला. चिठ्ठीशिवाय या गोळ्या बाळगल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते; स्वतःसाठी गोळ्या घेणाऱ्या गरोदर स्त्रीला मात्र यातून वगळले आहे.

जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘डॉब्ज’ खटल्यात गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, तेव्हापासून लुईझियानात जवळजवळ संपूर्ण गर्भपातबंदी आहे. बलात्काराचाही अपवाद नाही. राज्याचे सिनेटर थॉमस प्रेसली यांचे मूळ विधेयक नकळत किंवा फसवून गोळ्या देणाऱ्यांपुरते होते, आणि त्याला विरोध करणे अवघडच होते. अनुसूचीचे कलम नंतर दुरुस्तीने घातले गेले. वाद पेटला तो त्यावर.

कारण मिसोप्रोस्टॉल हे प्रसूतीकक्षातले रोजचे औषध. कळा आणायला, गर्भपात आपोआप झाल्यावर गर्भाशय रिकामे करायला आणि मुख्य म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला ते वापरतात. सुई लागत नाही, फ्रीज लागत नाही. जिभेखाली किंवा गुदमार्गातून गोळी दिली की झाले. बाळंतिणीला धो-धो रक्त जात असते तेव्हा हाताशी असावे म्हणून ते तातडीच्या औषधांच्या गाडीवर ठेवलेले असे. नव्या कायद्यानंतर अनेक रुग्णालयांनी ते तिथून उचलून कुलपात ठेवले. काही ठिकाणी परिचारिकांनी घड्याळ लावून धावून पाहिले की गोळी आणायला किती वेळ जातो. दोनशेहून अधिक डॉक्टरांनी आधीच लेखी इशारा दिला होता. तो मनावर घेतला गेला नाही.

गोळ्या टपालाने मात्र येतच राहिल्या. जानेवारी २०२५ मध्ये लुईझियानातील ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) अशा गोळ्यांवरून न्यूयॉर्कमधल्या एका डॉक्टरवर आरोप ठेवले, पण न्यूयॉर्कच्या गव्हर्नर कॅथी होकल यांनी प्रत्यार्पणाला साफ नकार दिला. शिवाय गोळ्यांच्या लेबलवर डॉक्टरच्या नावाऐवजी दवाखान्याचे नाव छापण्याची मुभा न्यूयॉर्कने कायद्यानेच देऊन टाकली.