राष्ट्रीय सूक्ष्मवित्त संघटना (आफ्रिका)

गरिबांना लहान कर्जे देणाऱ्या आणि त्यांच्या ठेवी सांभाळणाऱ्या संस्थांनी एका देशापुरती मिळून उभारलेली शिखर संघटना. ही संघटना स्वतः कर्ज देत नाही आणि ठेवही घेत नाही. सभासद संस्थांची बाजू सरकारपुढे व मध्यवर्ती बँकेपुढे मांडणे, त्यांच्या कर्मचाऱ्यांना शिकवणे, त्यांचे आकडे गोळा करून प्रसिद्ध करणे आणि ग्राहकांशी कसे वागावे याची आचारसंहिता घालून देणे ही तिची कामे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील बहुतेक देशांत आणि मोरोक्कोसारख्या उत्तरेकडील देशांतही अशी संघटना आहे.

या संघटनांच्या कितीतरी आधीपासून आफ्रिकेत लोक आपापसांत पैसा फिरवत आले आहेत. आपण जिला भिशी म्हणतो, तिला इथिओपियात इक्कुब म्हणतात, दक्षिण आफ्रिकेत स्टॉकव्हेल, फ्रेंच बोलणाऱ्या पश्चिम आफ्रिकेत तोंतीन. केनियात गावोगावी आणि कचेऱ्या-कचेऱ्यांतून चामा नावाचे बचतगट चालतात. घानाच्या बाजारांत सुसूवाला फिरतो. तो रोज सकाळी गाळ्यागाळ्यावर जाऊन ठरलेली रक्कम घेतो आणि विक्रेतीच्या कार्डावरच्या एका चौकटीत खूण करतो. महिना भरला की सगळी रक्कम परत देतो, फक्त एका दिवसाचा भरणा आपली मजुरी म्हणून ठेवून घेतो. म्हणजे पैसे ठेवल्याबद्दल व्याज मिळणे दूरच, वर बाईच पैसे मोजते, आणि तेही आनंदाने. कारण हातात राहिलेला पैसा संध्याकाळपर्यंत घरात खर्च होऊन जातो. या सुसूवाल्यांनी १९९४ मध्ये स्वतःची सहकारी संघटना काढली. सूक्ष्मवित्ताची औपचारिक संघटना घानात त्यानंतर आली, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

१९९० च्या दशकात अनेक आफ्रिकी देशांत सरकारी शेतीबँका मोडकळीला आल्या आणि परदेशी मदतीच्या बळावर स्वयंसेवी संस्थांचे कर्जवाटप सुरू झाले. एकेका देशात अशा डझनावारी संस्था झाल्या. प्रत्येकीचा हिशेब वेगळा, थकबाकीची व्याख्या वेगळी, आणि कायद्याच्या दृष्टीने बहुतेकींना काही स्थानच नव्हते. संघटनांची लाट याच सुमारास आली. युगांडातील अ‍ॅम्फियू १९९६ मध्ये, घानातील घॅमफिन १९९८ मध्ये, केनियातील अ‍ॅम्फी आणि इथिओपियातील एईएमएफआय १९९९ मध्ये उभी राहिली. टांझानियातील टॅम्फी आणि रवांडातील अमीर त्यांच्या मागून आल्या. २००० मध्ये या राष्ट्रीय संघटनांचे आफ्रिकाव्यापी जाळे, अ‍ॅफमिन, स्थापन झाले. भारतातही ‘सा-धन’ ही अशीच संघटना १९९९ मध्येच निघाली.

कायदा घडवण्याच्या कामात युगांडाचा दाखला सर्वांत चांगला. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या सरकारने ‘एन्टान्डिक्वा’ नावाची कर्जयोजना काढली. लोकांनी ते कर्ज न समजता राजकीय बक्षिसी समजली आणि वसुली फार थोडी झाली. आपल्याकडे कर्जमाफीच्या हवेत पतसंस्थांची वसुली कशी थंडावते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. आजूबाजूला फुकटचा पैसा वाटला जात असताना हप्ते वेळेवर मागणाऱ्या संस्थेची अवस्था काय होते, हे संघटनेने मंत्रालयात, मध्यवर्ती बँकेत आणि खासदारांपुढे वारंवार मांडले. २००३ मध्ये ठेवी स्वीकारणाऱ्या सूक्ष्मवित्त संस्थांचा कायदा झाला. त्यामुळे परवाना मिळवणाऱ्या संस्थांना जनतेच्या ठेवी घेण्याची मुभा मिळाली आणि त्या युगांडाच्या मध्यवर्ती बँकेच्या देखरेखीखाली आल्या. उरलेल्या लहान संस्था, बचत सहकारी संस्था आणि सावकार यांच्यासाठी कायदा यायला २०१६ साल उजाडले. केनियातही असाच धीर धरावा लागला: कायदा २००६ चा, अंमल २००८ पासून, आणि ठेवी घेण्याचा पहिला परवाना २००९ मध्ये.

कर्जाच्या खऱ्या किमतीचा प्रश्न या संघटनांच्या कामात पुन्हा पुन्हा येतो. समजा एका बाईने १०,००० शिलिंग कर्ज घेतले. अधिकारी म्हणतो, वर्षाला २० टक्के. दरमहा १,००० प्रमाणे बारा हप्ते, एकूण १२,०००. ऐकायला सरळ वाटते. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असते आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १०,००० वर लावलेले असते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हाच दर वर्षाला सुमारे ३५ टक्के निघतो. त्यात अर्जाचा खर्च, विमा आणि सक्तीची बचत धरली की तो आणखी चढतो. केनिया, युगांडा, रवांडा अशा देशांत संस्थांचे दर एकाच मापाने मोजून लोकांपुढे मांडण्याच्या कामात तिथल्या संघटना सामील झाल्या. सभासदांना हे रुचणारे नव्हते, आणि म्हणूनच हे काम मोलाचे आहे.

संघटनेची खरी कसोटी मात्र एकाच प्रश्नावर लागते: समोरच्या बाईच्या डोक्यावर आधीच किती कर्ज आहे, हे कुणाला ठाऊक आहे का? कर्जासाठी एकमेकींना जामीन राहणाऱ्या गटातल्या मैत्रिणींना बहुधा ठाऊक असते. कर्ज देणाऱ्या संस्थेला नसते, आणि शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या संस्थेला तर नसतेच. मग मंगळवारच्या हप्त्यासाठी गुरुवारच्या गटातून कर्ज घेणे सुरू होते, याची टोपी त्याच्या डोक्यावर. सगळ्यांची वसुली शंभर टक्के दिसते आणि एके दिवशी सगळ्यांचीच एकदम थांबते.

मोरोक्कोत नेमके हेच घडले. तिथे १९९९ च्या कायद्याने सूक्ष्मकर्ज संस्थांना राष्ट्रीय महासंघाचे सभासद होणे बंधनकारक केले होते. ठेवी घेण्याची परवानगी त्यांना नव्हती. बँकांकडून उसना घेतलेला पैसा त्या पुढे कर्जाऊ देत. २००० नंतरच्या काही वर्षांत कर्जवाटप कित्येक पटींनी वाढले. चार-पाच मोठ्या संस्था त्याच शहरांत, त्याच बायकांच्या दारात उभ्या राहिल्या. २००७ पासून थकबाकी वाढू लागली आणि झाकुरा ही देशातील अग्रगण्य संस्था डबघाईला आली. २००९ मध्ये ती बांक पोप्युलेअर या बँकेच्या सूक्ष्मकर्ज प्रतिष्ठानात विलीन करावी लागली. संकट उभे राहिल्यावर संस्था कर्जदारांच्या याद्या एकमेकींशी ताडून पाहू लागल्या. कोणाची कर्जे कोणाकडे आहेत हे सांगणारी ही साधी यादी आधीच करता आली असती. महासंघ होता, सभासदत्व सक्तीचे होते, आचारसंहिताही होती. पण स्पर्धेच्या भरात आपल्या ग्राहकांची नावे प्रतिस्पर्ध्याला दाखवायला कुणी तयार नव्हते आणि महासंघ त्यांना तसे करायला लावू शकला नाही. आंध्र प्रदेशातील सूक्ष्मवित्ताच्या २०१० च्या अरिष्टाचे मूळही बऱ्याच अंशी एकाच घरात साचलेल्या अनेक कर्जांत होते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने एका कर्जदाराला कर्ज देणाऱ्या अशा संस्थांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि पुढे दोन संघटनांना स्वयंनियामक, म्हणजे आपल्याच सभासदांवर देखरेख ठेवणाऱ्या, म्हणून मान्यता दिली.

सभासदत्व ऐच्छिक असावे की सक्तीचे, यावर आफ्रिकेत दोन परंपरा दिसतात. इंग्रजी वापरणाऱ्या देशांत बहुधा ते ऐच्छिक आहे. परिणामी चोख संस्था आत येतात आणि ज्यांच्यावर लक्ष ठेवायला हवे त्याच बाहेर राहतात. पश्चिम आफ्रिकेतील सीएफए फ्रँक वापरणाऱ्या आठ देशांसाठी मात्र २००७ मध्ये समान कायदा आला. त्यानुसार परवाना मिळालेल्या प्रत्येक संस्थेला आपल्या देशातील व्यावसायिक संघटनेत दाखल होणे बंधनकारक झाले. सेनेगल, माली, बेनिन, बुर्किना फासो येथील संघटना या चौकटीत काम करतात. या प्रदेशात गावपातळीवरच्या बचत-पतसंस्थांचे जाळे दाट आहे. त्यामुळे संघटनेच्या सभेत एका बाजूला शेकडो शाखांचा महासंघ असतो आणि दुसऱ्या बाजूला एकाच कपाटात सगळा कारभार मावणारी पतसंस्था. दोघांची वर्गणी आणि दोघांचा आवाज यांचा मेळ घालणे सोपे नाही.

घानाचा अनुभव अधिक कडू आहे. तिथे २०११ मध्ये मध्यवर्ती बँकेने सूक्ष्मवित्ताचे वेगवेगळे स्तर ठरवले आणि एकेका स्तराची संघटना वेगळी राहिली: कंपन्यांची एक, स्वयंसेवी संस्थांची दुसरी, सुसूवाल्यांची तिसरी. परवाने भराभर दिले गेले. काही कंपन्यांनी अव्वाच्या सव्वा व्याजाचे आमिष दाखवून ठेवी गोळा केल्या. २०१५ मध्ये ब्रॉंग-अहाफो भागातील हजारो ठेवीदार त्यात अडकले. त्यांत शेतकरी होते, शिक्षक होते, बाजारातल्या बायका होत्या. ३१ मे २०१९ रोजी मध्यवर्ती बँकेने ३४७ सूक्ष्मवित्त कंपन्यांचे परवाने एका फटक्यात रद्द केले. त्यांतल्या १९२ दिवाळखोर होत्या, तर १५५ दिवाळखोर होऊन कामकाजही बंद करून बसल्या होत्या. आपले सभासद बंद दारांमागे आहेत हे संघटनेला कळायला परवाना रद्द होण्याची वाट पाहावी लागू नये. तिच्याकडे दर तिमाहीचे आकडे येतात ते यासाठीच. नायजेरियात २०१० मध्ये २२४ सूक्ष्मवित्त बँकांचे परवाने असेच काढून घेतले गेले होते. रवांडात उलट क्रम दिसतो. तिथे २००६ मध्ये काही संस्था बुडाल्या, ठेवीदारांना सरकारला हात द्यावा लागला, आणि त्या धड्यानंतर, २००७ मध्ये, संघटना जन्माला आली. पुढे रवांडाने प्रत्येक उमुरेंगे या स्थानिक प्रशासकीय विभागात एक अशा ४१६ बचत सहकारी संस्था उभारल्या आणि लहान ठेवीदाराला घराजवळ खिडकी मिळाली.

इथिओपियाची घडण निराळी आहे. १९९६ च्या कायद्याने सूक्ष्मवित्त संस्था फक्त इथिओपियन नागरिकांच्या मालकीच्या असाव्यात असे ठरवले आणि त्यांना सुरुवातीपासून ठेवी घेऊ दिल्या. सर्वांत मोठ्या संस्था प्रादेशिक सरकारांच्या छत्राखाली वाढल्या. त्यामुळे तिथल्या संघटनेने मोर्चेबांधणीपेक्षा अभ्यास, प्रशिक्षण आणि सभासदांच्या कामगिरीचे तुलनात्मक अहवाल यांवर भर दिला. अलीकडे या मोठ्या संस्था बँका होऊ लागल्या आहेत. ओरोमिया प्रदेशातील संस्थेची सिंके बँक झाली, अम्हारातील संस्थेची त्सेदेय बँक. सिंके म्हणजे ओरोमो समाजात लग्नाच्या वेळी आई मुलीच्या हाती देते ती काठी, स्त्रीच्या हक्काची खूण.

संघटनांची स्वतःची आर्थिक बाजू लंगडी आहे. सभासदांच्या वर्गणीतून कार्यालयाचे भाडे आणि थोडे पगार निघतात. प्रशिक्षण, संशोधन, परिषदा हे सारे परदेशी देणगीदारांच्या प्रकल्पांवर चालते. प्रकल्प संपला की माणसे जातात आणि त्यांच्याबरोबर जमवलेली माहितीही विखुरते. शिवाय जिच्या वर्गणीवर आपण चालतो त्याच मोठ्या सभासद संस्थेला ‘ही वसुली जुलमी आहे’ असे सांगण्याची वेळ येते, तेव्हा सचिवालयाची फार ओढाताण होते. ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्याची सोय काही संघटनांनी केली आहे. आचारसंहितेतही धमक्या न देणे, घरातली भांडीकुंडी उचलून न नेणे, कर्जाच्या अटी ग्राहकाला कळेल अशा भाषेत सांगणे ही कलमे असतात. मात्र कलम मोडल्याबद्दल सभासदाला काढून टाकण्याचे बळ थोड्याच संघटनांत आहे, आणि या क्षेत्रातली माझ्या मते सर्वांत मोठी उणीव तीच आहे.

मोबाइलने या सगळ्याची भूमी बदलून टाकली. केनियात मार्च २००७ मध्ये एम-पेसा ही फोनवरून पैसे पाठवण्याची सेवा सुरू झाली, आणि काही वर्षांतच हप्ता भरायला गटाच्या बैठकीला जायची गरज उरली नाही. पाठोपाठ फोनवर काही मिनिटांत कर्ज देणारी अ‍ॅप्स आली. गट नाही, जामीन नाही, बैठक नाही, आणि सूक्ष्मवित्त संघटनेचे सभासदत्वही नाही. त्यांच्यापैकी काहींनी वसुलीसाठी कर्जदाराच्या फोनमधल्या नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना फोन केले, चारचौघांत अब्रू काढली. एप्रिल २०२० मध्ये केनियाच्या मध्यवर्ती बँकेने अशा अनियंत्रित सावकारांना कर्जदारांची नावे क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडे, पाठवण्यास मनाई केली. २०२२ मध्ये त्यांच्यासाठी परवान्याचे स्वतंत्र नियम आले. डिजिटल सावकारांनी आपली वेगळी संघटना तोवर काढलेलीच होती. त्यामुळे नैरोबीतल्या एकाच टोमॅटोवालीचे गटातले कर्ज एका संघटनेच्या आचारसंहितेखाली येते आणि फोनवरचे कर्ज दुसऱ्याच संघटनेच्या.