सकाळी साडेदहाचा मेळघाट

युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह विदर्भावरून जातो तो नेहमी सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास, ७८६ किलोमीटर उंचीवरून. वेळ ठरलेली असल्यामुळे आजच्या चित्राची मागच्या वर्षीच्या चित्राशी तुलना करता येते. वऱ्हाडाच्या सपाट शिवारात, कपाशी-तुरीच्या बाबतीत, हे झकास जमतं. परतवाडा ओलांडून गाविलगडचे डोंगर सुरू झाले की घोळ होतो.

डिसेंबरात त्या वेळी सूर्य आग्नेयेला, तोही खाली असतो. चिखलदऱ्याचे दक्षिणेकडचे कडे उन्हात न्हालेले आणि वायव्येचे उतार अंधारात. साग तोच, पण उपग्रहाला दोन जंगलं दिसतात.

यावर जुना तोडगा आहे. हिरवं पान लाल प्रकाश खातं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं. समजा, उन्हातल्या उतारावरून लाल ५ टक्के परतला आणि अवरक्त ३०. दोन्हींच्या वजाबाकीला बेरजेने भागलं की ०.७१ येतात. सावलीत दोन्ही आकडे निम्मे झाले तरी उत्तर तेच! पण गर्द सावलीत ते सारखे घटत नाहीत. तिथे पोचतो तो आभाळातून विखुरलेला उजेड, आणि त्यात अवरक्ताचा वाटा फारच थोडा. मग उत्तर घसरतं, आणि भरगच्च रानही विरळ ठरतं.

म्हणून आधी डोंगराचा उंचीनकाशा लागतो. २००५ साली सोडलेल्या आपल्या कार्टोसॅट-१ वर दोन कॅमेरे होते, एक पुढे झुकलेला, एक मागे. दोन कोनांतल्या चित्रांवरून उंची काढायची, उंचीवरून उताराची दिशा, आणि मग ऊन-सावलीचा हिशेब.

सागाची पानगळ हा वेगळाच चकवा. नोव्हेंबरचं चित्र एप्रिलच्या शेजारी ठेवलं तर जंगल तुटल्यासारखं वाटतं, आणि असे ‘आधी-नंतर’चे फोटो फिरतातही. तुलना करायची तर त्याच महिन्याशी.

पावसाळ्यात ढगांपुढे कॅमेरे आंधळे; तिथे जुलै २०२५ मध्ये सोडलेल्या निसारसारखे रडार उपग्रह कामाचे. मात्र रडार तिरकं पाहतं, त्यामुळे समोरचा उतार चित्रात आक्रसतो. पुन्हा उंचीनकाशा काढाच.

उन्हाळ्यात, मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात त्या दिवसांत, वणव्याचे इशारे उपग्रहावरूनच येतात. त्यातल्या एका ठिपक्याची रुंदी ३७५ मीटर. एवढ्यात अरुंद दरीचे दोन्ही काठ मावतात. आग कुठल्या काठाला आहे, हे वनरक्षकाला धूर पाहूनच ठरवावं लागतं.